दुभत्या जनावरांचे जंत : औषधाचा खर्च केव्हा भरून येतो ?

जुन्नर तालुक्यातील ओझर हे गाव अष्टविनायकांपैकी विघ्नहराच्या देवस्थानामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गुरांच्या दृष्टीने मात्र या गावाचे वैशिष्ट्य देवळाशेजारच्या पाण्यात आहे. कुकडी नदीवर येडगावचे धरण झाले आणि ओझरच्या शिवाराला पाणी जवळ आले. कुकडी प्रकल्पाची आणखी चार धरणे याच टापूत आहेत : कुकडीवरच माणिकडोह, मीना नदीवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे. पाण्याबरोबर ऊस वाढला, उसाबरोबर वाढ्यांचा चारा मिळू लागला आणि चाऱ्याच्या आधारावर संकरित गाईंचे गोठे उभे राहिले. याच पाण्याने गुरांच्या पोटातील जंतांचीही सोय केली, ही गोष्ट मात्र दूध मोजताना सहसा ध्यानात घेतली जात नाही.

पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा जनावरांना जंतनाशक औषध द्यावे, ही सर्वसाधारण शिफारस आता बहुतेक पशुपालकांना माहीत झाली आहे. तिच्याबाबत दोन टोकांचे वर्तन दिसते. काही जण जनावर खंगून जबड्याखाली पाणी उतरेपर्यंत औषधाचे नाव काढीत नाहीत. दुसरे काही जण दर तीन महिन्यांनी गोठ्यातील एकूण एक जनावराला एकच गोळी चारतात आणि दूध वाढले नाही म्हणून औषधाला दोष देतात. दोन्ही प्रकारांत पैसा वाया जातो, फक्त वाट निराळी असते. औषधावर घातलेला रुपया कोणत्या जनावराकडून, कोणत्या वेळी आणि कितपत परत येतो, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

पहिला रुपया रेडकावर

ज्या गोठ्यात म्हशी आहेत तेथे हिशेबाची सुरुवात दुभत्या म्हशीपासून न करता तिच्या रेडकापासून करावी. रेडकांच्या आतड्यात पांढुरका, पेन्सिलीएवढा जाड व वीतभर किंवा त्याहून लांब वाढणारा एक गोल जंत होतो. शास्त्रज्ञ त्याला टॉक्झोकारा व्हिट्युलोरम म्हणतात. गाईच्या वासरांतही तो आढळतो, पण त्याचा खरा जोर रेडकांत असतो. हा जंत रेडकाला बाहेरून, माती चाटून लागतो, अशी सर्वत्र समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्याची सूक्ष्म पिले मोठ्या म्हशीच्या शरीरात सुप्तावस्थेत पडून राहतात, तिला काही त्रास देत नाहीत आणि ती व्याली की दुधावाटे रेडकाच्या पोटात उतरतात. म्हणून स्वच्छ फरशीवर बांधलेल्या रेडकालाही जंत होतात आणि घरधनी चकित होतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, म्हशीला औषध देऊन रेडकू वाचत नाही. कारण तिच्या अंगात दडलेल्या सुप्त पिलांवर नेहमीच्या औषधांचा भरवशाचा परिणाम होत नाही. दुसरी अशी की, दुधातून जंत जातात म्हणून चीक पाजण्याचे टाळणे ही मोठी घोडचूक होय. चिकातून मिळणारी रोगप्रतिकारक शक्ती रेडकाला अन्य कोठूनही मिळत नाही. चीक पहिल्या दोन तासांत, पोटभर, पाजलाच पाहिजे. जंतांचा बंदोबस्त नंतर करता येतो व तो सोपा आहे.

रेडकू दहा ते सोळा दिवसांचे झाले की त्याला पायपेराझिन किंवा पायरँटेल या वर्गातील औषधाची एक मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावी. या सुमारास बहुतेक पिले दुधावाटे आतड्यात येऊन पोहोचलेली असतात, पण वाढून अंडी घालू लागलेली नसतात. गेल्या शतकाच्या अखेरीस श्रीलंकेत म्हशींच्या रेडकांवर झालेल्या अभ्यासांत या वयात दिलेली एकच मात्रा अतिशय गुणकारी ठरली. दिवस चुकला तर जंत वाढतात, आतडे तुंबते, शेण मळकट मातीच्या रंगाचे व दुर्गंधीयुक्त होते, पोट घागरीसारखे दिसू लागते, आणि महिन्या-दोन महिन्यांचे रेडकू हातचे जाते. जे वाचते ते शेणावाटे असंख्य अंडी टाकते. ही अंडी दमट जमिनीत महिनोन् महिने टिकतात, मोठ्या म्हशींच्या पोटात चाऱ्याबरोबर जातात आणि पुढील वेताच्या रेडकाची वाट पाहत राहतात.

ओझरच्या परिसरात याला एक स्थानिक कारणही जोडले गेले आहे. ऊस वाढल्यापासून जुन्नर तालुक्यात बिबट्यांचा वावर वाढला. लहान वासरे व रेडके रात्री बंद, चोहोबाजूंनी झाकलेल्या खोपीत कोंडणे तेथे भाग पडते. बिबट्यापासून रक्षण झाले तरी त्याच ओल्या, अंधाऱ्या जागेत एकामागून एक वेताची रेडके बांधली गेल्याने जमीन अंड्यांनी भरून जाते. खोपीतील शेण रोज काढून उकिरड्यावर रचावे. ढिगाच्या आत चांगली उष्णता निर्माण झाली तर अंडी मरतात. फरशीवर चुना टाकून जंत मरतात या समजुतीवर विसंबू नये. या अंड्यांचे कवच फार चिवट असते.

आता जमाखर्च पाहावा. रेडकाच्या एका मात्रेचा खर्च सामान्यतः एक-दोन लिटर दुधाच्या किमतीत बसतो. रेडकू गेले तर केवळ रेडकू जात नाही. पुष्कळ म्हशी रेडकाविना पान्हा सोडत नाहीत. दूध चोरणारी म्हैस लवकर आटते आणि धारेच्या वेळी चोरून पान्हा आणण्याची इंजेक्शने टोचण्याचा मोह होतो, जो कायद्याने निषिद्ध आहे व म्हशीलाही अपायकारक आहे. समजा, दिवसाला सहा लिटर देणारी म्हैस रेडकू गेल्यामुळे दोन लिटर कमी देऊ लागली आणि हे शंभर दिवस चालले, तर दोनशे लिटर दुधाचे नुकसान झाले. पारडी असेल तर पुढची म्हैसही गेली. पशुपालनात इतक्या थोड्या खर्चात इतके मोठे नुकसान टाळणारे काम दुसरे क्वचितच सापडेल. तरीही बहुतेक गोठ्यांत औषधाची बाटली आधी दुभत्या जनावरासाठी फुटते, आणि रेडकाची आठवण ते आजारी पडल्यावर होते.

पाण्याकाठचे हिरवे गवत

मार्च उलटला की शिवारातील गवत करपते. परंतु धरणाचे पाणी जसजसे उतरते तसतसा काठावरचा ओला गाळ उघडा पडतो व त्यावर लुसलुशीत गवत उगवते. चाऱ्याच्या टंचाईत ते सोन्यासारखे वाटते, आणि गुरे आपोआप तिकडे ओढली जातात. याच गवतावर पर्णकृमीचे बीज असू शकते.

पर्णकृमी हा पानासारखा चपटा, दीड-दोन इंच व कधी त्याहूनही लांब वाढणारा कृमी जनावराच्या यकृतातील पित्तनलिकांत राहतो. आपल्याकडे आढळणाऱ्या जातीचे नाव फॅसिओला जायगँटिका. १८५५ साली कॉबोल्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने तिचे प्रथम वर्णन केले ते जिराफाच्या यकृतातून मिळालेल्या नमुन्यावरून, ही एक मौजेची गोष्ट. या कृमीची अंडी शेणाबरोबर पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली पिले लिम्निया कुळातील पाण्यातल्या गोगलगाईत शिरतात. एका गोगलगाईत एका पिलाची शेकडो होतात, बाहेर पडून पाण्यालगतच्या गवताच्या काडीला चिकटतात आणि कवच करून बसतात. गुराने ती काडी खाल्ली की पिले आतडे भेदून यकृतात जातात व तीन-चार महिन्यांत मोठी होऊन पुन्हा अंडी घालतात. गोगलगाय नसेल तर हे चक्र चालत नाही. म्हणून कोरडवाहू माळावरच्या गुरांपेक्षा धरण, पाट, पाझर व भातखाचरे यांच्याजवळच्या गुरांना हा रोग अधिक होतो. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम भागात भातशेती आहे. तेथून ओला किंवा अर्धवट वाळलेला पेंढा आणणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

पर्णकृमीने जनावर एकाएकी मरते असे क्वचितच घडते, आणि म्हणूनच नुकसान नजरेत भरत नाही. जनावर खाते पण अंगी लागत नाही, दूध हळूहळू उतरते, माज अनियमित होतो, डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू फिकट दिसते, आणि पुढे जबड्याखाली मऊ सूज येते. सूज येईपर्यंत यकृताची बरीच नासाडी झालेली असते. त्यानंतर औषधाने कृमी मरतील, पण गेलेले यकृत पूर्ववत होईलच असे नाही.

येथे औषध देण्याची वेळ हाच खर्चाचा गाभा आहे. पुष्कळशी औषधे, उदाहरणार्थ ऑक्सिक्लोझानाइड व अल्बेंडाझोल, पित्तनलिकेत पोहोचलेल्या मोठ्या पर्णकृमींना मारतात. यकृतातून वाट काढीत असलेल्या लहानग्यांवर त्यांचा परिणाम अल्प असतो. ट्रायक्लाबेंडाझोल हे लहान-मोठ्या दोन्हींना मारते, परंतु ते दुभत्या जनावराला देण्याजोगे नाही. चैत्र-वैशाखात काठच्या गवतावरून पोटात गेलेली पिले श्रावण-भाद्रपदात मोठी होतात. तेव्हा केवळ मृगापूर्वी एक मात्रा देऊन थांबणाऱ्याची ती पिले सुटून जातात. मृगापूर्वीची मात्रा वाया जात नाही, कारण तिच्यामुळे जुनी अंडी पहिल्या पावसाबरोबर पाण्यात वाहून जाणे टळते. परंतु पाण्याकाठी चरलेल्या जनावराला घटस्थापनेच्या सुमारास दुसरी मात्रा दिल्याशिवाय पहिलीचे पुरते फळ मिळत नाही.

औषधाशिवायचे उपाय स्वस्त आहेत. गुरांना काठावर सोडण्याऐवजी गवत कापून आणावे, आणि ते मुळापासून न कापता वीतभर खुंट राखून कापावे, कारण कवचबद्ध पिले बहुतांशी काडीच्या खालच्या, पाण्याजवळच्या भागावर असतात. कापलेले गवत उन्हात खडखडीत वाळवावे. पाणी काठावर न पाजता हौदात पाजावे. पूर्वीच्या काळी गोगलगाई मारण्यासाठी डबक्यांत मोरचूद टाकण्याचा सल्ला दिला जाई. धरणाच्या पाण्यात तसे करणे सर्वथा वर्ज्य आहे. मासे मरतात, आणि तेच पाणी माणसेही पितात.

पाण्यातल्याच दुसऱ्या प्रकारच्या गोगलगाईमार्फत आणखी एक चपटा कृमी येतो. तो मोठेपणी पोटाच्या पहिल्या कप्प्यात डाळिंबाच्या दाण्यासारखा चिकटून असतो व फारसा त्रास देत नाही. त्याची पिले मात्र लहान आतड्यात असताना पाण्यासारखी, दुर्गंधी हगवण लागते आणि तरणी कालवड चार-आठ दिवसांत खलास होते. पाण्याकाठी चरणाऱ्या तरण्या जनावराला अशी हगवण लागली तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

दुभत्या गाईचा हिशेब

आता जिच्यावर सर्वाधिक औषध खर्च होते त्या दुभत्या गाईकडे वळू. मोठ्या जनावराच्या अंगी गोल जंतांविरुद्ध बरीच प्रतिकारशक्ती आलेली असते. जंत असतात, पण थोडे. औषधाने दूध किती वाढते, या प्रश्नावर जगभर पुष्कळ प्रयोग झाले. कॅनडातील संशोधकांनी ते एकत्र करून २००४ साली जो सरासरी आकडा काढला तो दर गाईमागे दररोज सुमारे ३५० ग्रॅम, म्हणजे पावशेराहून थोडा अधिक, इतका होता. काही प्रयोगांत याहून बरीच वाढ दिसली, काहींत मुळीच दिसली नाही. औषध दिले की दोन लिटर दूध वाढते, अशी जी बाजारात बतावणी होते तिला या आकड्यांत आधार नाही.

पण ३५० ग्रॅम हाही लहान आकडा नव्हे. दुधाचा दर लिटरला ३० रुपये धरला, तर दिवसाला साडेदहा रुपये झाले. औषधाची किंमत १५० रुपये धरली, तर पंधरा दिवसांत ती वसूल होते. हिशेब येथे संपवला तर सोपा वाटतो. तो येथे संपत नाही. औषधाचा अंश काही दिवस दुधात उतरतो, आणि वेष्टणावर जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस ते दूध विकू अगर पिऊ नये असा नियम आहे. समजा, मुदत तीन दिवसांची आहे व गाय दिवसाला दहा लिटर देते. तीस लिटर दूध, म्हणजे ९०० रुपये, सोडून द्यावे लागले. औषधासह खर्च १०५० रुपयांवर गेला आणि वसुलीला पंधरा नव्हे, शंभर दिवस लागले. औषधापेक्षा फेकलेले दूध सहापट महाग पडले. ते न फेकता संकलन केंद्रावर घातले, तर हिशेब कागदावर सुधारतो खरा, पण ते दूध शेवटी कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाते.

यावर उत्तम तोड म्हणजे गाय आटवल्यानंतरच्या दोन महिन्यांत औषध देणे. त्या वेळी फेकण्यास दूध नसते. १५० रुपयांचा खर्च १५० रुपयेच राहतो. कोणते औषध विण्याच्या किती दिवस आधीपर्यंत चालते, हे वेष्टणावर व पशुवैद्याकडून पाहून घ्यावे. दुभतेपणी औषध देणे अटळच झाले, तर दुधासाठी कमीत कमी मुदत असलेले औषध मागून घ्यावे. गाभण काळाच्या आरंभी, सुमारे पहिले दीड महिना, अल्बेंडाझोल देऊ नये. गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो.

वरील सरासरी बहुतांशी कुरणात चरणाऱ्या गाईंवरून निघालेली आहे, हेही विसरू नये. ओझर-नारायणगाव भागातील पुष्कळ संकरित गाई वर्षभर गोठ्यात उभ्या असतात, वाढे, नेपियर गवत, मका व मुरघास खातात. गोल जंतांची पिले चरण्याच्या गवतावरून पोटात जातात. जी गाय चरतच नाही आणि जिचा चारा पाणथळ जागेतून येत नाही, तिला जंतांचा उपद्रव थोडाच असणार. अशा गाईंना दर तीन महिन्यांनी गोळ्या चारण्यापेक्षा तेच पैसे वाढत्या कालवडींवर खर्चावेत. कालवडीत प्रतिकारशक्ती अपुरी असते. जंतांमुळे तिची वाढ खुंटून पहिले वेत तीन महिने लांबले, आणि तिच्या पोसण्याचा खर्च दिवसाला ८० रुपये धरला, तर ७२०० रुपये नुसते चाऱ्यात गेले. बेल्हे किंवा चाकणच्या बाजारातून आणलेले नवे जनावरही शेण तपासून, गरज दिसल्यास औषध देऊन, मगच कळपात मिसळावे.

औषध तेच, गुण का येत नाही ?

एकेकाळी पर्णकृमीवर कार्बन टेट्राक्लोराइडसारखी जालीम औषधे होती, ज्यांनी कृमींबरोबर कधी जनावरही दगावे. १९६१ साली थायाबेंडाझोल आले व सुरक्षित औषधांचे युग सुरू झाले. १९८१ च्या सुमारास जनावरांसाठी आयव्हरमेक्टिन आले. जपानमधील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून निघालेल्या या औषधाच्या शोधाबद्दल कॅम्पबेल व ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गोल जंत, गोचिडी व खरूज यांवर ते प्रभावी आहे. पण त्याच्या कीर्तीमुळे सर्व जंतांवर एकच सुई, असा समज पसरला. आयव्हरमेक्टिनने पर्णकृमी मरत नाहीत, पट्टकृमीही मरत नाहीत. धरणकाठच्या गाईला ही सुई टोचून निर्धास्त राहणाऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

गुण न येण्याचे दुसरे कारण अपुरी मात्रा. वजन डोळ्यांनी अंदाजले जाते व ते नेहमी कमी धरले जाते. साध्या मोजपट्टीने ते काढता येते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजावा व त्याचा वर्ग करावा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंतची लांबी इंचांत घेऊन त्याने गुणावे आणि ६६० ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते. घेर ६६ व लांबी ५६ इंच असेल, तर वजन सुमारे ३७० किलो भरते. अल्बेंडाझोलची दीड ग्रॅमची गोळी गोल जंतांसाठी साधारण २०० किलोच्या जनावराला पुरते. ३७० किलोच्या गाईला ती एकच दिली, तर निम्मीच मात्रा पोहोचली. आणि पर्णकृमीसाठी तर याहून मोठी मात्रा लागते. अपुऱ्या मात्रेने कमजोर जंत मरतात, दणकट तेवढे उरतात, आणि पुढे त्यांचीच प्रजा माजते. वर्षानुवर्षे एकाच वर्गाचे औषध वापरल्यानेही हेच होते. निरोगी, मोठ्या जनावरांना विनाकारण औषध न देण्यात हाही एक लाभ आहे की, औषधाला बळी पडणारे जंत शिवारात शिल्लक राहतात व औषधाची धार टिकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यासाठी शेण तपासणीची सवय लावावी. ताजे, शक्यतो जमिनीला न लागलेले, लिंबाएवढे शेण स्वच्छ डबीत घ्यावे; डबीवर जनावराची खूण, वय व शेवटच्या औषधाची तारीख लिहावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात द्यावे. जनावर पाण्याकाठी चरते हे आवर्जून सांगावे. पर्णकृमीची अंडी जड असतात. गोल जंतांसाठी अंडी तरंगवून पाहण्याची जी पद्धत आहे तिच्यात ती दिसत नाहीत, तळाचा गाळ तपासावा लागतो. शिवाय पर्णकृमी लागल्यापासून पहिले तीन-चार महिने शेणात अंडी येतच नाहीत. म्हणून धरणकाठच्या गाईच्या शेणात मे महिन्यात काही मिळाले नाही, तरी सप्टेंबरात पुन्हा नमुना न्यावा.

औषधाचा गुण पाहण्यासाठी गोल जंतांच्या बाबतीत आठ-दहा वासरांचे शेण औषधाच्या दिवशी व पुन्हा चौदा दिवसांनी मोजून घ्यावे. आधी सरासरी ग्रॅमला ४०० अंडी होती व नंतर १०० उरली, तर घट ७५ टक्के झाली. ती ९५ टक्क्यांहून कमी असेल, तर मात्रा चुकली काय हे प्रथम पाहावे. मात्रा बरोबर असेल तर त्या गावात त्या वर्गाचे औषध थांबवून दुसऱ्या वर्गाचे घ्यावे, आणि नमुने पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठविण्याबद्दल पशुवैद्यांशी बोलावे.